रात्री साडेदहाची भूक

«वय 39, उंची 158 सेंटिमीटर, वजन 74 किलो. काम दिवसभर खुर्चीत बसून. गेल्या सहा वर्षांत तीन वेळा डाएट केलं. दर वेळी पाच-सहा किलो उतरले आणि वर्षभरात व्याजासकट परत आले. सध्या सकाळी बिनसाखरेचा चहा, अकराला दोन बिस्किटं, दुपारी वाडगाभर काकडी-टोमॅटो, संध्याकाळी ग्लासभर फळांचा रस. रात्री घरच्यांबरोबर थोडंसंच जेवते. साडेदहाला सगळे झोपले की स्वयंपाकघरात जाते आणि दिवा न लावता, उभ्या-उभ्या, हाताला लागेल ते खाते. बिस्किटं, उरलेला भात, मुलांचं चॉकलेट. मग रडू येतं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी खाते. माझ्या बहिणीने भात बंद करून एका आठवड्यात तीन किलो कमी केले. माझ्यातच निग्रह नाही का? की पस्तिशीनंतर मेटाबॉलिझमच मंदावतं? मी नेमकं कोणतं डाएट करू? रोज सकाळी वजन करते आणि काटा बघून जीव वरखाली होतो.»
— एक थकलेली वाचक

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. «दिवा न लावता» या तीन शब्दांपाशी दर वेळी थांबले. आहारसल्ल्याच्या कामात हे दृश्य मी इतक्या जणींकडून, आणि पुरुषांकडूनही, ऐकलं आहे की अंधारातलं ते स्वयंपाकघर मला आता ओळखीचं झालं आहे. म्हणून सर्वांत आधी तुमच्या निग्रहाच्या प्रश्नाचं उत्तर देते. सकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत जवळजवळ उपाशी राहून नोकरी, घर, मुलं सगळं ओढणाऱ्या बाईत निग्रह कमी आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्यात तो भरपूर आहे. तो खर्च होतोय चुकीच्या जागी. रात्री तुमचा हात सुटतो याचं कारण तुम्ही दिवसा पोट मारता. दुखणं साडेदहाचं नाही, सकाळपासूनचं आहे.

हे नुसतं धीर देण्यासाठी म्हणत नाही. हिशोबच मांडू.

तुमचं वय, उंची आणि वजन धरलं तर दिवसभर अंथरुणात पडून राहिलात तरी शरीराला साधारण 1,350 ते 1,400 किलोकॅलरी लागतात. हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंडं यांचा हा रोजचा खर्च आहे. बैठं काम आणि घरातली ये-जा मिळवली की तो 1,650 ते 1,850च्या आसपास जातो. आता तुम्ही लिहिलेला दिवस बघा. चहातलं दूध, दोन बिस्किटं, काकडी-टोमॅटो आणि रस मिळून संध्याकाळी सातपर्यंत पोटात गेल्या जेमतेम 300. रात्रीचं «थोडंसं» जेवण 450 धरू. म्हणजे साडेदहाला शरीराच्या खात्यात निम्म्याहून अधिक तूट असते. मग पुड्यातली दहा-बारा बिस्किटं, वाटीभर भात आणि चॉकलेटची एक छोटी वडी यांच्या मिळून होतात 800-900. एकूण बेरीज साडेसोळाशेच्या घरात. दिवसभर सोसूनही वजनाचा काटा का हलत नाही, ते या बेरजेत आहे. तुम्ही जास्त खात नाही आहात. जेवढं लागतं साधारण तेवढंच खाताय, फक्त त्यातलं बरंचसं अंधारात, बिस्किटांच्या रूपात आणि अपराधी मनाने.

अर्धपोटी माणसाचं काय होतं याची फार बारकाईने केलेली एक नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सगळे स्वेच्छेने आलेले. युद्धात होरपळलेल्या उपाशी लोकांना पुन्हा खाण्यावर कसं आणायचं, हे त्यातून समजून घ्यायचं होतं. 24 आठवडे त्यांना रोज साधारण 1,600 किलोकॅलरींच्या आसपास अन्न दिलं गेलं आणि भरपूर चालायला लावलं. वजन सुमारे चौथ्या हिश्शाने उतरलं. पण मला दर वेळी हलवून जातं ते त्यांच्या वागण्याचं वर्णन. ही धडधाकट, विचारी मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली. ताटल्या चाटायला लागली. छोटंसं जेवण तासभर चिवडत बसायची. इतर कुठल्या विषयात मन लागेना. आणि पुन्हा पोटभर अन्न मिळायला लागल्यावरही काही जण खात राहिले, पोट भरलं तरी भूक शमली नाही असं सांगत राहिले. त्यांच्या निग्रहाला कुणी नावं ठेवली नाहीत. त्यांना भूक लागली होती, इतकंच. तुमचं वेळापत्रक म्हणजे त्याच प्रयोगाची छोटी, रोज नव्याने सुरू होणारी आवृत्ती आहे.

म्हणून माझा सल्ला तुम्हाला उलटा वाटेल. पहिले दोन आठवडे वजन कमी करण्याचा विचार बाजूला ठेवा आणि दिवसा जास्त खा. रात्री काहीही सोडायचा प्रयत्न करू नका. स्वयंपाकघराला कुलूप नको, बिस्किटांचा डबा उंचावर ठेवणं नको. फक्त सकाळ आणि दुपार भरा.

कशाने भरायची, याचं उत्तर प्रथिनांपासून सुरू होतं. तुमच्या लिहिलेल्या दिवसात संध्याकाळपर्यंत पाच-सहा ग्रॅमही प्रथिनं नाहीत. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर तुम्हाला दिवसाला 70 ते 80 ग्रॅम हवीत. प्रथिनं पोट जास्त वेळ धरून ठेवतात, आणि ती पचवायलाच त्यांच्यातल्या ऊर्जेचा 20 ते 30 टक्के भाग खर्च होतो. कर्बोदकांच्या बाबतीत हेच प्रमाण 5 ते 10 टक्के, तर स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत त्याहून कमी असतं.

70-80 ग्रॅम ऐकून घाबरू नका. एका अंड्यात 6 ग्रॅम, ग्लासभर दुधात साडेसहाच्या आसपास. म्हणजे सकाळी दोन अंडी आणि एक ग्लास दूध घेतलंत की 18-19 ग्रॅम झाली. अंडी खात नसाल तर शिजवलेले चणे किंवा तत्सम कडधान्य मोठी वाटीभर आणि सोबत वाटीभर दही, हिशोब तोच. दुपारी घट्ट शिजवलेली डाळ किंवा कडधान्य, मासे, चिकन, टोफू यांपैकी जे तुम्ही खाता ते ताटाच्या पाव भागात. डाळ «घट्ट» मुद्दाम म्हटलं. पातळ डाळीत बराचसा भाग पाण्याचाच असतो, आणि वाटी तीच दिसली तरी प्रथिनं निम्मी होतात. ताटाचा अर्धा भाग भाज्या, शिजवलेल्या आणि कच्च्या दोन्ही. उरलेला पाव भाग भात, बटाटा किंवा गव्हाचा एखादा पदार्थ. हो, भात. त्याच्याकडे मी येतेच.

शेंगदाण्यांबद्दल एक सावधगिरी. ते प्रथिनांसाठी म्हणून मूठ-मूठ खाल्ले जातात. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 25 ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असतो आणि ऊर्जा 560च्या वर जाते. खा, जरूर खा, छोट्या वाटीत काढून, 25-30 ग्रॅम. पिशवीतून थेट खाऊ नका.

तुमच्या सकाळच्या चहाला मी हात लावणार नाही. बिनसाखरेचा आहे, तुम्हाला आवडतो, राहू दे. संध्याकाळचा रस मात्र बदला. एका ग्लासात दोन-तीन संत्री जातात, त्यांची साखर येते आणि चोथा मागे राहतो. ग्लास मिनिटभरात संपतो, पोटाला पत्ताही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेसारखीच मोजते. अख्ख्या फळातली त्यात धरत नाही. रसाऐवजी एक अख्खं फळ आणि वाटीभर दही किंवा ते छोट्या वाटीतले शेंगदाणे. हे खाणं साडेपाच-सहाला, घरी पोचायच्या आधी किंवा पोचल्या-पोचल्या. माझ्या अनुभवात रात्रीचं खाणं आटोक्यात येण्याचं काम रात्रीच्या जेवणापेक्षा हे संध्याकाळचं खाणंच जास्त करतं, आणि नेमकं हेच सगळे वगळतात.

आता तुमची बहीण आणि तिचे तीन किलो. तिचं कौतुक कमी करायचं नाही, पण ती चरबी नव्हती. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी. तीन किलो म्हणजे 23,000च्या वर. सात दिवसांत ते साधायला रोज 3,300ची तूट लागेल. तेवढा बहुतेक बायकांचा दिवसाचा एकूण खर्चही नसतो. मग काट्यावर काय उतरलं? पाणी. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा ठेवतं, प्रौढ माणसात अर्ध्या किलोच्या आसपास, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं बंद केली की साठा आटतो आणि पाणी निघून जातं. भात पुन्हा सुरू झाला की दोन-तीन दिवसांत काटा वर चढतो आणि माणूस म्हणतो, «बघा, भाताने वजन वाढतं.» भाताने पाणी परत आलं. बस.

तरीही काही जणांना भात सोडून खरंच फायदा होतो, हेही सांगते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 प्रौढांवर वर्षभर केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी कर्बोदकं. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचं सरासरी वजन 5.3 किलोने उतरलं, दुसऱ्याचं 6 किलोने, म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नव्हताच. दोन्ही गटांना सांगितलेल्या गोष्टी मात्र सारख्या होत्या: भाज्या भरपूर, साखर आणि मैदा शक्य तितका कमी, होईल तेवढं घरी शिजवून खाणं. आणि प्रत्येक गटाच्या आत कुणाचं वजन खूप उतरलं तर कुणाचं वाढलं. तेव्हा «नेमकं कोणतं डाएट» या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की जे तुम्ही पुढच्या वर्षी याच महिन्यात, घरात पाहुणे असताना आणि मुलाला ताप असतानाही करत असाल, ते. भात आवडत असेल तर भात असलेलं.

पस्तिशीनंतरच्या मेटाबॉलिझमबद्दल बरंच काही कानावर पडतं. 2021 साली «सायन्स» या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या वृद्धापर्यंत, 29 देशांतल्या 6,400हून अधिक लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च त्यात मोजलेला होता. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण लक्षात घेतलं तर वयाच्या विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं दिसलं. म्हणजे तुमचं इंजिन मंदावलेलं नाही. मंदावली आहे ती हालचाल, आणि दर डाएटबरोबर थोडे-थोडे स्नायू गेले आहेत. कमी प्रथिनांवर, व्यायामाशिवाय झपाट्याने उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत येते ती मुख्यतः चरबी. तीन वेळा हे झालं आहे. म्हणून मी चौथ्या वेळी घाई करू देणार नाही.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट मला विचारायची आहे. स्वयंपाकात तेल कसं पडतं? मोजून की धार धरून?

काही वर्षांपूर्वी एका बाईंना मी म्हटलं होतं, रोज जसं ओतता तसं तेल कढईऐवजी एका वाटीत ओता. त्यांनी बाटली तिरकी केली, मनगटाला सवयीचा एक झोका दिला, बाटली सरळ केली. मग आम्ही ते तेल चमच्याने मोजलं. पोहे-उपमा खायचा नव्हे, 15 मिलिलिटरचा मोठा चमचा. पाच चमचे भरले. त्या म्हणत होत्या दोन. एका मोठ्या चमच्यात 120 किलोकॅलरी असतात, पाचांत 600. घरात खाणारी माणसं तीन, आणि स्वयंपाक दोन वेळचा. त्या बाई खोटं बोलत नव्हत्या, मनगटच त्यांच्या नकळत ओतत होतं. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात «कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही» म्हणणाऱ्या दहा जणांचं खाणं काटेकोर पद्धतीने तपासलं, तेव्हा त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी निघालं. तीही प्रामाणिक माणसंच होती. कुणालाही आपलं खाणं डोळ्यांनी मोजता येत नाही, मलाही नाही.

तेव्हा आठवडाभर फक्त तेल मोजा. महिन्याला घरात किती तेल संपतं ते बघून माणसांनी भागा, मग आणखी स्पष्ट दिसेल. कमी करायचं ठरलं तर एकदम अर्ध्यावर आणू नका, चव गेली की घरचे नाराज होतील आणि तुम्ही दमून सोडून द्याल. पाचाचे चार करा. महिन्याने साडेतीन. जिभेला सवय लागते. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा.

बिस्किटांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण रात्री तुमचा हात काकडीकडे जात नाही, बिस्किटांकडे जातो, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 2019 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 20 माणसांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, खूप प्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या ताटांतली ऊर्जा, साखर, स्निग्धांश, मीठ, चोथा सारखंच होतं. हवं तेवढं खा, असं सांगितलं. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत माणसांनी रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाल्ल्या, आणि भराभर खाल्ल्या. दोन आठवड्यांत वजन जवळजवळ एक किलोने वाढलं, साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. बिस्कीट चावावं लागत नाही, तोंडात विरघळतं. पोटाकडून «पुरे» असा निरोप यायच्या आत अर्धा पुडा संपलेला असतो. याउलट उकडलेला बटाटा घ्या. वजनाच्या भीतीने सगळे त्याला टाळतात, पण 1995 साली सिडनी विद्यापीठात 38 पदार्थांची पोट भरण्याची ताकद तपासली तेव्हा पहिला आला तो उकडलेला बटाटाच. तळलेला नव्हे.

म्हणून रात्रीसाठी माझं एकच सांगणं. दिवसा नीट जेवूनही साडेदहाला खावंसं वाटलं, तर खा. पण दिवा लावा. ताटली घ्या, खुर्चीवर बसा, आणि त्यात वाढून खा. वाटीभर दही, एखादं फळ, उरलेला भात असेल तर भात-दही, आणि चॉकलेटच हवं असेल तर दोन तुकडे ताटलीत मोडून घ्या, बाकीचं गुंडाळून ठेवा आणि मग बसा. उभ्याने, अंधारात खाल्लेलं शरीराला लागतं, पण मनाला «खाल्लं» असं वाटत नाही, म्हणून हात पुन्हा डब्यात जातो. दिवा लावण्याने तुम्ही स्वतःला सांगता की हे चोरून करायचं काम नाही. हे मला प्रथिनांच्या सगळ्या हिशोबाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी, न्याहारी करायचीच. भरपाई म्हणून उपास नाही. हे साखळीचं कडं आहे आणि ते तुटलं पाहिजे. लंडनमध्ये सवयी कशा लागतात यावर झालेल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले, कुणाला 18, कुणाला त्याहून कितीतरी जास्त. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात अडथळा आला नाही. बिघडलेला दिवस हा फक्त एक दिवस असतो.

तुम्ही रोज सकाळी वजन करता असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. मीठ, पाणी, पाळीचे दिवस, पोट साफ होणं-न होणं, यांनी वजन एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. रोज काटा बघून ज्यांचा जीव वरखाली होत नाही त्यांनी रोज बघावा आणि आठवड्याची सरासरी काढावी. तुमचा होतो. तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा बघा, सकाळी, काही खाण्यापिण्याआधी. त्यासोबत बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजा. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा असा एक सोपा ठोकताळा आहे, तुमच्यासाठी 79 सेंटिमीटर. काटा अडलेला असताना टेप हललेली असते, हे मी अनेकदा बघितलं आहे.

व्यायामाबद्दल दोनच गोष्टी. अर्धा तास झपाझप चालल्याने तुमच्या वजनाला साधारण 130-150 किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे तीन-चार बिस्किटं. व्यायामाने खाणं «फेडता» येत नाही, तो विचार सोडून द्या. चाला ते हृदयासाठी, झोपेसाठी, उतरलेलं वजन टिकवण्यासाठी. आठवड्याला 150 मिनिटं, दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतील. दुसरी गोष्ट म्हणजे स्नायूंना ताण देणारा व्यायाम, आठवड्यातून दोन दिवस. जिममध्ये जायला हवं असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून ढकलणं दहा वेळा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. असे तीन फेरे, वीस मिनिटं. गेलेले स्नायू असेच परत येतात, आणि प्रथिनं खाल्ली असतील तरच येतात.

झोपेचंही बघा. साडेदहाला स्वयंपाकघर, मग रडणं, मग झोप कधी? 2010 साली शिकागोत झालेल्या छोट्या अभ्यासात दहा माणसांना तेवढंच कमी खायला देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, पण कमी झोपेत उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा निम्म्याहूनही कमी झाला आणि स्नायूंचा वाढला. भूकही जास्त लागली.

दोन आठवडे दिवसा नीट जेवल्यावर रात्रीचं खाणं बहुतेक आपोआप कमी झालेलं दिसेल. तेव्हा कुठे आपण थोडी काटछाट करू. दिवसाला 300 किलोकॅलरींची तूट पुरे. तेलाचा दीड चमचा आणि रसाचा ग्लास एवढ्यातच ती निघते. त्याने सुरुवातीला महिन्याला किलोभर वजन उतरेल. तीन डाएटनंतर हा वेग तुम्हाला कंटाळवाणा वाटेल, मला कळतं. पण 74पैकी पाच किलो, म्हणजे सुमारे सात टक्के, ही मोठी कमाई आहे. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अभ्यासात धोक्याच्या काठावर असलेल्या 3,234 लोकांपैकी ज्या गटाला वजनात एवढीच घट आणि आठवड्याला 150 मिनिटांची हालचाल हे लक्ष्य दिलं, त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. वजन उतरेल तसा शरीराचा खर्चही थोडा घटतो, म्हणून पुढे वेग मंदावेल. तेव्हा घाबरून जेवण कमी करू नका, मला लिहा.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. थायरॉइड, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन बघून घ्या. काही औषधांनीही वजन वाढतं, चालू असतील ती सगळी डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवायची नाहीत, आधी विचारायचं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी विचारायचं. आणि हे खास तुमच्यासाठी: आपला स्वतःवर ताबाच नाही असं वाटत भरमसाट खाण्याचे प्रसंग तीन महिन्यांहून जास्त काळ, आठवड्यातून एकदा तरी येत असतील, किंवा कधी ओकारी काढावीशी वाटली असेल, तर हा आहाराच्या सदराचा विषय उरत नाही. हा ओळखता येणारा आणि बरा होणारा आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यात कमीपणा नाही, जसा थायरॉइडची गोळी घेण्यात नाही.

एवढं सगळं एकदम करू नका. उद्या सकाळी फक्त न्याहारी: दोन अंडी आणि दूध, किंवा चणे आणि दही. पहिला आठवडा एवढंच. दुसऱ्या आठवड्यात दुपारचं ताट आणि संध्याकाळचं फळ. पंधरा दिवसांनी मला परत लिहा. पत्रात वजन लिहू नका. रात्री साडेदहाला काय वाटलं, आणि दिवा लावला होता का, तेवढं लिहा.